तिसऱ्या मजल्यावरचा मंगळ

सोमवारी सकाळी बरोबर नऊ वाजता तानाजी भोइटे यांनी पृथ्वीचा निरोप घेतला. पृथ्वी त्या वेळी ठाकुर्लीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात उभी राहून त्यांच्या दारावर बाहेरून कागदी पट्टी चिकटवत होती. तिचं नाव संचिता, वय एकोणीस. तानाजीरावांची नात, ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

"आजोबा, सात दिवस हां. दार उघडलं की पट्टी फाटणार, पट्टी फाटली की माझा प्रोजेक्ट गेला. ओके?"

"तू निर्धास्त जा," आतून आवाज आला. "टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं खांबावर काढलीत मी. सात दिवस म्हणजे किस झाड की पत्ती!"

"आणि आजी?"

आजी, म्हणजे रंगूबाई, आतून बंद दाराकडे बघत, दुसऱ्याच्या घरात आल्यासारख्या उभ्या होत्या.

प्रोजेक्टचं नाव होतं ‘परग्रहावर कायमची वस्ती : सामान्य माणूस तयार आहे का?’ बाकीच्या मुलांनी यानं, इंधन, मंगळाची माती असले विषय घेतले होते. संचिता म्हणाली, जाणाऱ्या माणसांचं कुणी बघतच नाहीये. मग तिने आजी-आजोबांनाच मंगळावर पाठवायचं ठरवलं. डाळ, तांदूळ, पीठ, शेंगदाणे, कांदे-बटाटे मोजून आत ठेवले. पाणी दिवसाला साठ लिटर. रोज सकाळी आपलं आणि शिध्याचं वजन करून कळवायचं. फोनवर बोलणं बंद. निरोप फक्त संचिताला पाठवायचा आणि तिचं उत्तर वीस मिनिटांनी येणार, कारण मंगळावरून निरोप यायला तेवढा वेळ लागतो म्हणे. गॅलरी म्हणजे मंगळाची उघडी जमीन. तिथे पाऊल टाकायचं तर अंतराळवीराचा पोशाख हवा. म्हणजे तानाजीरावांचा रेनकोट आणि स्कूटरचं हेल्मेट.

तानाजीराव एवढ्या उत्साहात होते त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा ऋतुराज, म्हणजे संचिताचा बाप, ठाण्याला सत्ताविसाव्या मजल्यावर राहत होता आणि ‘आता कायमचे आमच्याकडे या’ म्हणून तीन वर्षं मागे लागला होता. तानाजीराव एका पायावर तयार. "माणूस कुठंही राहू शकतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. "त्याला लागतं काय? हवा, पाणी, डाळभात." रंगूबाई मात्र जागच्या हलत नव्हत्या. शेवटी या प्रयोगावरून दोघांची पैज लागली.

"सात दिवस बाहेरचं काही न घेता, कुणाशी न बोलता काढून दाखवा," रंगूबाई म्हणाल्या होत्या. "मी ठाण्याला येते, कायमची. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा या घरात काढायचा नाही."

खरं सांगायचं तर हे जोडपं एकदा परग्रहावर येऊन राहिलेलंच होतं. अडतीस वर्षांपूर्वी, कोरेगाव तालुक्यातून ठाकुर्लीला. तेव्हा इमारतीच्या तिन्ही बाजूंना भाताची खाचरं, जिन्याला कठडा नाही, आणि पाणी आलंच तर पहाटे. निघताना गावातल्या म्हाताऱ्यांनी विचारलेले प्रश्न तानाजीरावांना अजून आठवत. "तिथं पाणी हाय का? माणसं ऱ्हात्यात का? आन माघारी कवा यायचं?" पहिल्या संध्याकाळी रंगूबाई ट्रंकेवर बसून रडत होत्या. तानाजीराव नुसते उभे. खांबावर चढायचं शिक्षण झालं होतं, रडणाऱ्या बायकोचं झालं नव्हतं. तेवढ्यात समोरच्या दारातून उत्तराताई वाटीभर वालाचं बिरडं घेऊन आल्या. सोललेल्या बियांची भाजी रंगूबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. हे काय खायचं, असं मनाशी म्हणत त्यांनी ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी भरून परत केली. वाटी रिकामी परत करायची नसते. तेव्हापासून वाट्या त्या जिन्यात फिरतच होत्या आणि दारं सकाळपासून जेवणवेळेपर्यंत सताड उघडी असत. दिवसाढवळ्या बंद असलेल्या दाराचे तिथे दोनच अर्थ होते. एक तर माणसं गावाला गेलीत, नाही तर घरातलं कुणी गेलंय.

त्यामुळे साडेनऊलाच बेल वाजायला लागली. संचिताने दारावर ‘प्रयोग चालू आहे, बेल वाजवू नये’ अशी पाटी लावली होती. त्या पाटीने संशय उलट वाढला. अकरा वाजता तानाजीराव रेनकोट-हेल्मेट चढवून जानेवारीच्या लख्ख उन्हात गॅलरीत बनियन वाळत घालायला आले, तेव्हा तर कहरच झाला.

"गो रंगूबाय!" पहिल्या मजल्यावरच्या तुळसाबाई खालून ओरडल्या. त्या जवळच्याच चोळे गावच्या. "भावजींना काय झायलं गो?"

बोलायला तर बंदी. म्हणून तानाजीरावांनी टीव्हीत अंतराळवीर हलवतात तसा अगदी सावकाश हात हलवला. तुळसाबाईंची खात्रीच पटली.

मंगळवारी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. तानाजीरावांनी निरोप पाठवला, ‘नळ गळतोय. काय करू?’ वीस मिनिटांनी उत्तर आलं, ‘कुठला?’ त्यांनी लिहिलं, ‘स्वयंपाकघरातला.’ वीस मिनिटांनी आलं, ‘आजोबा, नीट बंद केलात का?’ तोवर बादली भरून दिवसाचं निम्मं पाणी मोरीत गेलं होतं. तानाजीराव तिसरा निरोप टाइप करत असताना नळ आपोआप थांबला. रंगूबाई हात पुसत गॅलरीतून आत आल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हातात वाटी होती.

"उत्तरा म्हणाली, गॅलरीतला वरचा कॉक फिरवा. फिरवला."

"तू बोललीस तिच्याशी?"

"ती बोलली. मी ऐकलं."

"आणि हे काय?"

"बिरडं."

दोन्ही घरांच्या गॅलऱ्यांमध्ये हातभर अंतर होतं. दाराच्या पट्टीचा आणि त्या अंतराचा काही संबंध नव्हता, ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या मुलीच्या लक्षात आली नव्हती. तानाजीराव तत्त्वाचे पक्के. त्यांनी वाटीकडे पाठ फिरवली. मग वास आला. मग ते म्हणाले की परग्रहावर अनोळखी पदार्थ सापडला तर तो तपासून बघणं हे कर्तव्यच असतं. तपासणी पोळीबरोबर झाली. वाटी पूर्ण तपासली गेली.

आता वाटी रिकामी कशी परत करायची? रंगूबाईंनी मंगळाच्या शिध्यातले शेंगदाणे भाजून लाडू वळले. ते पोचले, तशी उत्तराताईंची काळजी मिटली आणि बाकीच्यांचा धीर चेपला. बुधवारी तुळसाबाईंची भाकरी आणि जवळ्याचं कालवण दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर आलं. गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरून गुळाच्या पोळ्या, आणि वर निरोप, ‘भोइटेकाकांना जपा, अशा वेळी गोड द्यावं.’

शुक्रवारी सकाळी संचिताचा निरोप आला. ‘आजोबा, डाळ-तांदूळ आहे तेवढाच कसा?’

तानाजीरावांनी लिहिलं, ‘मंगळावर भूक कमी लागते.’

वीस मिनिटांनी आलं, ‘मग तुमचं वजन दीड किलो वाढलं कसं???’

माणसाला खोटं रचायला वीस मिनिटं मिळाली की तो बिघडतोच. ‘हवा मानवली,’ तानाजीरावांनी लिहिलं. झालं! संचिताने हे कॉलेजातल्या भावना मॅडमना दाखवलं. मॅडम हरखल्या. न जेवता वजन वाढतं, ही तर नवीनच गोष्ट होती! कॉलेजच्या प्रदर्शनात हा प्रोजेक्ट सगळ्यांत पुढे मांडायचा आणि रविवारी पट्टी काढायला आपण स्वतः यायचं, असं त्यांनी ठरवलं.

हा निरोप वाचून तानाजीरावांनी फोन उपडा ठेवला. पैज जिंकायला दोनच दिवस उरले होते आणि आपण ती कधीच हरलोय, हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी तानाजीराव खुर्ची ओढून बंद दाराशी जाऊन बसले. जिन्यात पावलं वाजत होती. ही चप्पल घासत चढणारी तुळसा. ही प्रत्येक मजल्यावर थांबणारी उत्तराताई. गुडघा दुखतोय म्हणजे आज जास्त. ही पळत गेलेली दुसऱ्या मजल्यावरची रुचिता, तिला नोकरी लागल्यापासून ती पळतच असते. अडतीस वर्षं आपण हे सगळं रोज ऐकत होतो, आणि माणसाला फक्त डाळभात लागतो असं सांगत फिरत होतो. तानाजीराव उठले, हेल्मेट घातलं आणि गॅलरीत जाऊन पलीकडच्या गॅलरीकडे तोंड करून म्हणाले, "उत्तराताई, गुडघ्याला तेल लावलंत का?"

रविवारी दहा वाजता भावना मॅडम, संचिता आणि गाडी घेऊन आलेला ऋतुराज दारात हजर झाले. पट्टी शाबूत होती. मॅडमनी तिचा फोटो काढला. मग आत आल्या, काटा बघितला, शिधा बघितला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी थबकल्या. ओट्यावर धुतलेली भांडी पालथी घातली होती. मॅडमनी एक वाटी उचलून त्यावर कोरलेलं नाव वाचलं.

"चि. सौ. कां. उत्तरा हिला विवाहाप्रीत्यर्थ, एकोणीसशे एकोणऐंशी." त्यांनी दुसरी उचलली. "कै. धोंडिबा पाटील यांच्या स्मरणार्थ." मग एक डबा. "चि. रुचिता हिच्या बारशानिमित्त." एकूण अकरा भांडी निघाली. भोइट्यांचं नाव एकावरही नव्हतं.

"मंगळावर आधीच वस्ती झालेली दिसतेय," मॅडम म्हणाल्या.

संचिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आजोबा, तुम्ही चीटिंग केलीत? मी सगळ्यांना काय सांगू आता?"

"पोरीचा काही दोष नाही, मॅडम," तानाजीराव हात जोडून म्हणाले. "दार नाही उघडलं. पण मंगळ गॅलरीतून फुटला. मी खाल्लं, मी खोटं लिहिलं. आणि हो, पैजही हरलो." हे शेवटचं वाक्य ते इतक्या घाईने बोलले, की रंगूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हरल्याचा असा आनंद त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता.

मॅडम ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "आजी, मला खरं सांगा. उद्या खरंच कायमचं मंगळावर जायची वेळ आली, तर जाल?"

"जाईन की," रंगूबाई म्हणाल्या.

मग त्या ऋतुराजकडे वळल्या.

"मंगळावर जाईन. ठाण्याला नाही."

"आई!" ऋतुराज म्हणाला.

"अरे, मंगळ रिकामा आहे. उत्तरा, तुळसा, सगळा जिनाच घेऊन जाता येईल. हळूहळू लागेल मन. तुझ्याकडं आधीच माणसं राहतात रे, पण दारं लावून. तुझ्या समोर कोण राहतं, सांग बघू."

ऋतुराजने आठवून बघितलं. "सत्तावीसशे चार," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. ऋतुराज तर खाली बघायला लागला. ह्याच जिन्यातल्या चार घरांत जेवून तो मोठा झाला होता. मॅडमनी संचिताला जवळ घेतलं आणि सांगितलं, जे झालं ते जसंच्या तसं लिही, वाट्यांसकट. संचिताने तसंच लिहिलं. निष्कर्षाच्या जागी एकच ओळ होती : माणूस तयार आहे, पण सुटा पाठवू नये. प्रदर्शनात नंबर आला नाही. पण तिच्या टेबलापाशी उभे राहून लोक आपापल्या जुन्या शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगत राहिले, आणि तिला जेवायला जायला उशीर झाला.

पुढच्या रविवारी दुपारी ऋतुराजचा फोन आला. रंगूबाईंनी तो घेतला; तानाजीराव शेजारी पेपर वाचत होते.

"आई, आज समोरची बेल वाजवली मी."

"मग?"

"एक काका आहेत. दार अर्धंच उघडलं. म्हणाले, काय बिघडलंय? आमच्याकडून काही गळतंय का?"

"तू काय म्हणालास?"

"सॉरी म्हणालो आणि परत आलो." ऋतुराज म्हणाला. "नऊ वर्षांनी वाजवली ना, आई. पुढं काय बोलायचं तेच सुचेना."

"एकटेच असतात का रे?"

"वाटलं तरी तसं."

"उद्या परत जा. म्हणावं, बिघडलेलं काही नाही. माझी आई येणारे शनिवारी, तिची ओळख करून द्यायची आहे."

"आई, तू येणार?"

"महिनाभर येते. पुढचं पुढं. कुणीतरी सुरुवात करायला नको का?"

तानाजीरावांच्या हातातला पेपर खाली आला. "अगं, पण पैज तू जिंकलीस! कुठं जायचं नाही असं ठरलंय आपलं!"

"पैज तुमची-माझी होती. पोरगं हरलं त्यात," फोन ठेवत रंगूबाई म्हणाल्या. "तुम्हाला करमतंय ना इथं? मग तुम्ही राहा की. मी जाऊन येते."

"आणि मी?" तानाजीरावांनी विचारलं.

पण रंगूबाई तोवर ही बातमी सांगायला उत्तराताईंकडे गेल्याही होत्या. मग तानाजीराव उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून दोन बॅगा काढायला लागले.