व्याह्यांना लोखंड नको होतं

"लोखंडाचं कपाट तेवढं नको," पोह्यांची बशी खाली ठेवत ईरप्पा म्हणाले. "आमच्या आजऱ्याला चार महिने पाऊस. गंजून जातंय सगळं."

शशिधरच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. बोलणी सगळी झाली होती. तारीख ठरली होती, मानपानाचं मिटलं होतं, आणि आता उठता उठता व्याह्यांना हे सुचलं. सुचलं तेही कुणाच्या घरात? उद्यमनगरात ज्याचा कपाटांचा कारखाना, ज्याचं कपाट टेम्पोत चढल्याशिवाय अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरी नांदायला जात नव्हत्या, त्याच्या घरात.

"पावणं, मी साधा रंग लावत न्हाय," शशिधर समजावायला लागला. "कोरडी पावडर बंदुकीनं मारून भट्टीत भाजतोय. गंजायचं नावच न्हाय."

"आमच्या मेव्हण्याकडं पुण्याला बगितलंय मी. लाकडाचं कपाट, आन् त्याला बी पावडरच मारल्याली. कुठं जोड दिसत न्हाय, सायीसारखं गुळगुळीत. द्यायचं तर तसलं द्या. न्हायतर ऱ्हाऊ दे, आम्ही आमचं घेतो की."

हे 'आम्ही आमचं घेतो' शशिधरला फार लागलं. त्याची एकुलती एक पोरगी सौंदर्या पाळण्यात होती तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं, हिचं कपाट आपल्या हातानं करायचं. दुसऱ्यांच्या पोरींसाठी आयुष्यभर पत्रा वाकवला तो काय उगीच? आणि आता स्वतःच्या पोरीच्या वेळी हा काजूचा व्यापारी त्याला कपाट कसं असतं ते शिकवणार.

पाहुणे गेल्यावर बायको दानेश्वरी म्हणाली, "अवो, राजारामपुरीत मिळत्यात तसली. एक आणून टाका आन् सुटा."

"माझ्या पोरीच्या घरात दुसऱ्यानं केल्यालं कपाट? मग मी कारखाना काय शोभंला काढलाय? लाकडाला पावडर लागती, तर माझी बी लागंल."

लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या फळ्या बाजारात नुकत्याच मिळायला लागल्या होत्या. एमडीएफ म्हणायचे त्यांना. शशिधरनं त्या आणून, मापानं कापून कारखान्यात टाकल्या. "उद्या पावडर मारायची. तयार करून ठेवा," असं जुन्या कारागिराला, हंबीररावाला सांगितलं आणि तो लग्नाच्या पत्रिका द्यायला कसबा बावड्याला गेला.

संध्याकाळी येऊन बघतो तर फळ्या फुगून टम्म झालेल्या. कडा फुलल्या होत्या, आणि एक फळी उचलायला गेला तर तिचा कोपरा तेवढा हातात आला.

"हे काय केलंसा, हंबीरराव?"

"तयार केल्या की. सात टाक्या."

पत्र्याला पावडर मारण्याआधी त्याला सात टाक्यांत बुचकळतात. एका टाकीत तेल निघतं, एकीत ॲसिडनं गंज निघतो, मधे मधे पाण्यानं धुणं. हंबीररावानं फळ्यांना सातही टाक्यांचं स्नान घातलं होतं.

"अवो, लाकडाचा गंज काढलासा तुम्ही?"

"न्हवताच मालक गंज. म्हटलं, आत मुरला असंल." हंबीरराव शांतपणे हात पुसत म्हणाला. "टाक्या केल्याबिगर मी बंदूक धरत न्हाय. तुम्हीच शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. एकदा टाकी चुकवली म्हणून चारचौघांत झापलंही होतं. मग शशिधरनं फळ्यांनाच शिव्या दिल्या.

दुसऱ्या फळ्या आल्या. या वेळी बंदूक शशिधरनं स्वतः धरली. पत्र्यातून वीज जाते म्हणून पावडर त्याच्याकडे ओढली जाते आणि चिकटून बसते. फळीत वीज कसली जाते? पावडर फळीवरून खाली, हंबीररावाच्या मिशीत आणि शशिधरच्या चपलांत. फळीवर बसली ती फक्त बिजागरीच्या स्क्रूभोवती, तेवढी टिकली लावल्यागत.

"जरा दमट पायजे, मालक," हंबीररावानं सुचवलं. "ओल्या हातानं बटण दाबलं की शॉक बसतोय का न्हाय? तसंच."

हे मात्र शशिधरला पटलं. फळ्यांवर ओली गोणपाटं पांघरली. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पावडर अशी बसली, अशी बसली, की शशिधरनं दानेश्वरीला फोन करून सांगितलं, "ईरप्पाला म्हनावं, ये आता बगायला."

मग फळ्या भट्टीत गेल्या. भट्टी पत्र्याच्या सवयीची, पत्र्याला लागते तेवढीच तापवलेली. लाकडाला निम्म्यानं आच पाहिजे आणि पावडरही वेगळी पाहिजे, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि शशिधरनं कुणाला विचारलंही नव्हतं. इतकी वर्षं भट्टी चालवल्यावर विचारायचं कुणाला? आधी फळ्यांच्या आतली ओल उकळली आणि रंगावर फोड आले. मग कडा उकलल्या. मग भट्टीच्या दारातून काळा धूर निघाला आणि शेजारच्या फाउंड्रीवाल्यानं न विचारता बंब बोलावला. बंबवाल्यांनी मन लावून काम केलं. पहिल्या खेपेच्या फळ्या जेवढं पाणी प्याल्या नव्हत्या, तेवढं या प्याल्या.

लग्न तोंडावर आलेलं. शशिधर ओल्या भट्टीसमोर उकिडवा बसला होता. हंबीरराव शेजारी येऊन बसला.

"मालक, एक बोलू का? क्रीम रंग मारल्यावर आत पत्रा हाय का फळी, ते कोन बगतंय?"

"तो टकटक करून बगतोय की."

ते खरंच होतं. ईरप्पांना सगळं वाजवून बघायची खोड. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी शशिधरच्या घराची भिंतसुद्धा वाजवून पाहिली होती. पत्रा वाजवला असता तर ठणकन बोलला असता.

"मग दारं दुहेरी करू, आन् मधी ह्याच भरू," हंबीरराव जळक्या फळ्यांकडं बोट करून म्हणाला.

शशिधरनं तसं केलं. कोपरे गोल केले, जोड घासून नाहीसे केले, सात टाक्या झाल्या, पावडर झाली, भट्टी झाली, आणि शेवटी दारांच्या पोटात त्या फळ्या वाळवून भरल्या. जन्मात असं कपाट त्याच्या हातून झालं नव्हतं. आपल्या प्रत्येक कपाटाला तो आपल्या नावाची पितळी पट्टी लावायचा. या कपाटासाठी पट्टी हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि खिशात टाकली. त्या दिवशी तो जेवला नाही.

लग्नात कार्यालयाच्या दारातच लेकीला दिलेला संसार मांडला होता. ईरप्पांनी कपाट वाजवलं. ठक्क. पुन्हा वाजवलं. ठक्क.

"ह्याला म्हंत्यात लाकूड! आवाज बगा की!" त्यांनी पाहुण्यांना गोळा केलं. "कुणाकडनं केलंसा, पावणं?"

"हाय एक राजारामपुरीतला," शशिधर खाली बघत म्हणाला.

"वाईट वाटून घिऊ नका, पण तुमच्या कारखान्यात असलं हुनार हाय का?"

"न्हाय वो, आमच्यानं न्हाय हुत," जिलेबी खात उभा असलेला हंबीरराव मधेच बोलला. त्याला त्याच वेळी ॲसिडच्या टाकीत बुचकळावं, असं शशिधरला मनापासून वाटलं.

पंचमीला सौंदर्याला माहेरी आणायला शशिधर आजऱ्याला गेला. पाऊस धो धो चाललेला. ईरप्पांच्या घरातली दारं फुगून बसलेली, देवघराचं तर खांदा लावून ढकलावं लागत होतं. कपाट मात्र एका बोटानं उघडत होतं. ईरप्पांनी ते शशिधरसमोर चार वेळा उघडून दाखवलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही रोज दाखवत असणार, हे कळतच होतं.

"अस्सल लाकूड, पावणं. पाण्याला दाद देत न्हाय. धाकट्याच्या लग्नाला बी त्याच मिस्त्रीचं पायजे. पत्ता द्या त्याचा."

आता मात्र शशिधरला राहवेना. "पावणं, खरं सांगू का," त्यानं सुरुवात केली.

"अप्पा, च्या निवला," सौंदर्या आतून म्हणाली. "आत या."

तो स्वयंपाकघरात गेला. तिनं दार ओढून घेतलं.

"सांगू नका, अप्पा."

"काय सांगू नको?"

"मला ठावं हाय. ल्हानपनापासनं तुमच्या कपाटांच्या दारांशी खेळले मी, हात लावल्यावर कळनार न्हाय व्हय?" ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द नीट येत होता. "माझी भाकरी जाड, माझं बोलनं रांगडं. माहेरातनं काय बरं आलंय, तर तेवढं कपाट. त्ये बी लोखंडाचं निघालं तर उद्या मी कशाच्या जोरावर बोलू हितं?"

शशिधरला तिचा रागही आला आणि तिची कीवही आली. त्याहून जास्त स्वतःची आली. तो चहा प्याला. खरंच निवला होता.

एस.टी. सुटायच्या वेळी ईरप्पा छत्री सांभाळत खिडकीशी आले. सौंदर्या खिडकीत बसली होती, शशिधर तिच्या पलीकडं.

"पावणं, पत्ता ऱ्हायला की मिस्त्रीचा."

"गेला वो तो," शशिधर म्हणाला.

"कुठं?"

"वारला."

"अरारा. कवा?"

"लग्न झालं आन् गेला."

ईरप्पांनी पावसातच टोपी काढली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "हात मोठा हुता वो त्याचा. मागं कोन हाय का? हे काम कुनाला शिकवलंय का?"

"एक पोरगी हाय. दिल्याली हाय."

सौंदर्यानं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

"मग संपलंच म्हनायचं," ईरप्पा म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला जाऊ द्या म्हणून हात केला.