रत्ना नको, जया घेऊ!

माझ्या दोन्ही पोरींच्या मनात काय चाललंय, ते त्यांच्याआधी मला कळतं. उगाच फुशारकी मारत नाही. शेणव्याच्या अंगणवाडीत इतकी वर्षं पोरं सांभाळलीत. रडणारं मूल भुकेनं रडतंय की शेजारच्यानं चिमटा काढलाय म्हणून, ते मी पाठमोरी उभी राहून सांगते. मग स्वतःच्या पोटच्या पोरी मला कळणार नाहीत?

थोरली रत्ना मुरबाडला एका दवाखान्यात नर्स. धाकटी जया कल्याणला ऑफिसात. दोघी कमावत्या, शहाण्या, पण नवरा शोधायची अक्कल दोघींना नाही, असं माझं स्पष्ट मत! जयानं एकदा ऑफिसातला स्वरूप नावाचा मुलगा घरी आणला. 'नुसता मित्र' म्हणे. मी त्याला चहा दिला, आईवडिलांची चौकशी केली आणि बोलता बोलता अंगणवाडीतली दंडाचा घेर मोजायची पट्टी त्याच्या दंडाला लावली. सवय हो! पट्टी पुरली नाही, तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "कुपोषण बिलकुल नाय!" तो पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. आता यात माझं काय चुकलं?

तर रत्नाचं लग्न मी हातात घेतलं. पाच स्थळं मी आणली, पाचही तिनं नाकारली. अशात माझी नणंद रखमी एक दिवस आली आणि सुपारी कातरता कातरता म्हणाली, "वहिनी, वैशाखरे गावचा एक पोरगा हाय. सुरेंद्र. मुरबाडला बी-बियाण्याचं दुकान हाय बापलेकांचं. पण जाऊ दे, तुमच्या रत्नाला नाय मिळायचा तसला."

"का नाय मिळायचा?" मी तिथल्या तिथे पेटले.

"लय चांगलं घर हाय. तुमच्यानं नाय जमायचं, वहिनी."

"माझ्यानं? माझ्यानं नाय जमायचं? नंबर दे!"

संध्याकाळपर्यंत रविवारचा बघण्याचा कार्यक्रम ठरवून मी मोकळी! रत्नाला सांगितलं, तर कधी नव्हे ती मान खाली घालून म्हणाली, "तू म्हणशील तसं, आई." माझा ऊर भरून आला. ह्यांना म्हटलं, "बघा! शेवटी आईचीच पारख." हे विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "हूं."

पण मुलगा स्वतः पाहिल्याशिवाय पोर त्याच्यासमोर बसवायची, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. शुक्रवारी मी मुरबाड गाठलं. मृग तोंडावर आलेला, दुकानात शेतकऱ्यांची ही गर्दी! नाकापर्यंत पदर ओढला आणि फवारणीच्या पंपांच्या मागे जाऊन उभी राहिले. सुरेंद्र दिसायला छान होता. गिऱ्हाइकांशी गोड बोलत होता. मी मनातल्या मनात अक्षता टाकणार, तेवढ्यात तो बापाकडे वळला.

"बाबा, रत्ना नको आता. दोन वरसं बघितली."

माझ्या हातातली पिशवी गळून पडली. दोन वर्षं? अजून तर कांदेपोहेही झाले नव्हते!

त्याचा बाप रामूशेठ म्हणाला, "अरे, पण पयल्यांदा तूच तिच्या मागं होतास."

"होतो ना. पण उंचीला कमी पडते. आणि जरा वारा आला का लोळते."

रत्ना उंचीला कमी आहे, कबूल. रविवारी दुपारपर्यंत लोळते, तेही कबूल. पण ही घरातली गोष्ट या मेल्याला सांगितली कुणी?

"मंग जया घ्यायची का?" बापानं विचारलं.

"जया जाडी हाय. पण भरते चांगली. तक्रार नाय येत कुणाची."

"मंग रत्ना नको, जया घेऊ. ठरलं?"

"नायतर असं करू, बाबा. दोन्ही ठेवू! एक नाय खपली, तर दुसरी खपंल!"

दोन्ही ठेवू! पंप बाजूला सारून मी पुढे झाले आणि हातातली छत्री काउंटरवर अशी आपटली की वरचे कीटकनाशकाचे डबे टणाटण उड्या मारत रस्त्यावर गेले.

"ठेवतोस? माझ्या दोन्ही पोरी ठेवतोस? लाज नाय वाटत? आणि हा बाप! पोराला चार गोष्टी शिकवायच्या सोडून वर विचारतोय, जया घ्यायची का!"

"बाई, तुमी कोण?" रामूशेठ उठून उभे राहिले.

"मी रत्नाची आई! जयाची पण आई!"

सुरेंद्रचा चेहरा पांढरा पडला. "आई, तुमी जरा बसा..." म्हणत तो पुढे आला. मी मागे सरले, पाय कशात तरी अडकला, आणि पोत्यांच्या थप्पीसकट मी खाली! वरचं पोतं फुटून भाताची धार माझ्या डोक्यावर लागली. एक म्हातारा शेतकरी वाकून, अगदी काळजीनं म्हणाला, "बाय, उठा. तुमी रत्नावर बसल्यात."

मी खाली पाहिलं. पोत्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: भात बियाणे, रत्ना. शेजारच्या पोत्यावर: जया.

आता तुम्ही विचाराल, बाई, शेतकऱ्याची बायको ना तू? अहो, चिखलात वाकून मी स्वतः रत्ना लावलंय, जया झोडपलंय! एवढंच काय, पोरींची नावंसुद्धा ह्यांनी त्या त्या वर्षी पिकलेल्या भातावरूनच ठेवली. मी दीपाली आणि प्रियांका म्हणून घसा कोरडा केला होता, पण ऐकलं नाही. तरीही त्या क्षणी मला भात आठवलं नाही. आईचं डोकं आहे, त्यात पोरी घुसल्या की भाताला जागा उरत नाही!

दुकान हसत होतं. रामूशेठ हसत नव्हते. "चारचौघांत माझ्या पोराला बायका ठेवणारा म्हणालात," ते हळू आवाजात म्हणाले. "रविवारी आमी येनार नाय. असली विहीण आमाला झेपायची नाय."

दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मी घरी पोचायच्या आधी बातमी रत्नाला पोचली होती. ती आली, चपला काढल्या आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसते डोळे वाहत होते.

"रडतेस कशाला? मी दुसरं स्थळ आणते की!"

"मला दुसरं नको, आई. मला सुरेंद्रच पायजे होता. दोन वरसं झाली आमाला."

"आँ? आणि रखमी?"

"आत्याला मीच पढवून पाठवली. 'वहिनीला नाय जमायचं' असं म्हण, म्हणजे ती जमवतेच, असं सांगून."

"अगो, मंग सरळ मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू त्याचा दंड मोजला असतास!"

माझी पोर, लहानपणी काटा टोचला तरी जी आधी 'आई' म्हणायची, तिला स्वतःच्या आईचा होकार मिळवायला आईलाच फसवावं लागलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी वैशाखऱ्याला गेले. रामूशेठ अंगणात होते. सुरेंद्र दारात उभा, मान खाली. मी जाऊन सरळ हात जोडले.

"शेठ, चुकी माझी. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको. तुमी तिला पदरात घ्या, मी तुमच्या उंबऱ्याला पाय लावनार नाय."

"कदीच नाय?"

"कदीच नाय!" मी म्हटलं. मग जरा थांबले. "दिवाळीला यीन."

रामूशेठांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि गौरीला. आणि बाळंतपणाला न्यायला तर यावंच लागंल ना, शेठ? पोरीचं पयलं बाळंतपण हाय!"

रामूशेठांच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग ते खाटेवर बसून खो-खो हसायलाच लागले. "या, बाई, या! नाय आलात तर आमालाच करमायचं नाय!" सुरेंद्र येऊन पाया पडला. मी त्याला उठवलं, दंड धरूनच उठवलं, पण मोजला नाही!

आतून चहा आला. रामूशेठ ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "काय पावणं, उंदीर कमी झाले का?"

"कसले उंदीर?" मी विचारलं.

"अवो, तुमची पोरगी दर आठवड्याला उंदराचं औषध न्यायची ना, बाबांनी सांगितलंय म्हणून! मी म्हणायचो, शेत दोन एकर, आणि उंदीर आख्ख्या तालुक्याचे!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बशीत फुंकर घालत होते.

"तुमाला म्हायती होतं?"

"पयल्यांदा मीच पाठवली व्हती औषधाला," हे म्हणाले. "दुसऱ्यांदा तिची तीच गेली. तवा समजलो."

"आणि मला नाय सांगितलंत?"

"लगीन मोडायचं व्हतं का मला?"

असो. लग्न ठरलं, हे महत्त्वाचं. गावात मी सगळ्यांना सांगते की स्थळ मीच आणलं. हे शेजारी उभे असतात, मान डोलावतात, चांगला माणूस आहे. जयाच्या बाबतीत मात्र मी आता शपथ घेतली आहे, एका शब्दानं लुडबुड करणार नाही! आणि करायचं तरी काय, त्या पोरीच्या मनात तूर्त काहीसुद्धा नाही. ऑफिस आणि घर, बस्स. उलट बापावर केवढी माया! हल्ली दर शनिवारी कल्याणच्या एका मेडिकलमधून आठवणीनं ह्यांच्यासाठी गुडघ्याचा बाम घेऊन येते.

ह्यांचे गुडघे तसे ठणठणीत आहेत.