बंदोबस्ताची कॅसेट

माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशी एकनाथराव भेटायला आले. ओट्यावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "दाखल्याच्या नकला किती काढणार?"

तिरडी अजून दारात होती. 

"पाच काढा, वहिनी. चार कामाला लागत्यात. एक वाळवीला."

पुढे पाचही लागल्या, ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी मात्र या माणसाला उचलून ओट्याखाली ठेवावं असं मला वाटलं होतं.

श्रीगोंद्याच्या आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून एकनाथरावांचं घर. भूमी अभिलेखच्या कचेरीत जमिनीच्या नकला देण्यात त्यांची नोकरी सरली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर नकला देणं थांबलं, तेव्हा त्यांनी मागायला सुरुवात केली. "तोंडी नको, नक्कल द्या," हे त्यांचं पालुपद. उद्या नळाला पाणी येणार नाही असं रिक्षावाला कर्ण्यावरून सांगत गेला, तर हे धोतर सावरत रिक्षामागे पळाले. का, तर त्या घोषणेची सही-शिक्क्याची प्रत हवी. माझ्या मुलीच्या लग्नात भटजींना त्यांनी भर मांडवात विचारलं, "मुहूर्त कशाच्या आधारे काढला?" भटजी पुढचं मंगलाष्टक विसरले.

या खोडीपायी सख्ख्या भावाशी त्यांचं बोलणं तुटलं होतं. धाकटा जालिंदर एसटीत ड्रायव्हर. एकाच घराचे दोन भाग, मधे भिंत. ती भिंत आपल्या बाजूला वीतभर सरकली आहे असा एकनाथरावांना संशय आला. त्यांनी मोजणी आणली, नकाशाची नक्कल काढली आणि ती जालिंदरला टपालाने पाठवली. शेजारच्या दाराला, टपालाने! जालिंदरने भिंत त्याच आठवड्यात पाडून मागे घेतली. म्हणाला, "तोंडानं सांगितलं असतं तरी पाडली असती. मी काय परका हाय?" त्यानंतर दोघांत शब्द नाही.

मग ते गणपती विसर्जन आलं. कोणाचा गणपती पुढे जायचा यावरून दोन मंडळं जुंपली, दगड उडाले, एका हवालदाराचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी दगड मारणाऱ्यांच्या यादीत जालिंदरचं नाव! एसटीने त्याला घरी बसवलं. त्याची बायको सुलोचना दळण टाकून माझ्यापुढे रडायला लागली. "वहिनी, ह्यांनी धोंडा हातात बी घेतला न्हाई. सरबत वाटत हुते. नोकरी गेली तर लेकरं घिऊन कुठं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथराव इस्त्रीचा सदरा घालून पोलीस ठाण्यात. आमच्याकडे माणूस पोलिसांनी बोलावल्यावरसुद्धा लपून बसतो. हे रोज जायला लागले, देवळात जावं तसे. एकदा मी सुलोचनाला घेऊन तिथे गेले होते, तेव्हा त्यांचा संवाद माझ्या कानांनी ऐकला.

"ठाण्याच्या डायरीची नक्कल द्या. पंचनाम्याची द्या. आन् बंदोबस्ताचं शूटिंग केलंय, त्याची बी द्या."

हवालदार म्हणाले, "बाबा, ही काय सात-बाऱ्याची नक्कल हाय का? आरोपी तुमचा कोण?"

एकनाथरावांनी टोपी नीट केली. "शेजारी."

सख्खा भाऊ शेजारी! सुलोचनाने पदर तोंडात धरला.

"शेजाऱ्यासाठी एवढे हेलपाटे?"

"शेजाऱ्यासाठी न्हाई. नियमासाठी."

शेवटी नव्या फौजदारांनी कंटाळून विचारलं, "त्या कॅसेटमध्ये आहे तरी काय?" ठाण्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कॅसेट मुद्देमालाच्या कपाटात होती, पण ती कोणीच पाहिली नव्हती. ठाण्यात टीव्ही नव्हता, व्हीसीआर नव्हता. न बघता यादी केली होती! 

"मुद्देमाल बाहेर जाणार नाही," फौजदार म्हणाले.

"मग टीव्ही आत येईल," मी म्हणाले. उगाच बोलत बसण्यात अर्थ नव्हता.

आमचा टीव्ही आणि व्हीसीआर हातगाडीवर बांधून मी, एकनाथराव आणि सुलोचना ठाण्याकडे निघालो. भर बाजारातून. वाटेत तिघांनी हळूच विचारलं, "वहिनी, जप्ती आली का?"

कॅसेट लागली. पडद्यावर आधी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, मग सनई वाजली आणि सोनेरी अक्षरं आली: शुभविवाह.

फौजदार उभे राहिले. "हे काय आहे?"

पोलिसांनी शूटिंगला लग्नातला राजू शूटिंगवाला लावला होता. त्यालाही बोलावून घेतलं होतं. "सायेब, मिक्सिंग केल्याबिगर मी कॅसेट देत न्हाई. नाव खराब हुतं."

मिरवणूक सुरू झाली. राजूने लग्नात टिपावं तेच टिपलं होतं. बायकांच्या साड्या, नाचणारी पोरं, बँडवाल्याचे गाल. दंगल मागे कोपऱ्यात कुठेतरी चालली होती. लाठीमार सुरू झाला तर वरून पाकळ्या. एक शिपाई अक्षता टाकल्यासारखा हात करून "सावधान" म्हणाला. फौजदारांनी बघितल्यावर गप्प बसला.

आणि मग सरबताचं टेबल आलं. लग्नात पंगत सोडायची नाही हा राजूचा नेम, त्यामुळे कॅमेरा तिथेच थांबलेला. मागे दगड उडत होते आणि पुढे जालिंदर, एका हातात जग, दुसऱ्यात पेला. दोन्ही हात सरबतात.

"थांबवा," फौजदार म्हणाले. मग यादी करणाऱ्या हवालदारांना, "आत या जरा माझ्याबरोबर." जाता जाता एकनाथरावांना म्हणाले, "जालिंदरचं नाव आज काढतो. एसटीला मीच कळवतो."

सुलोचनाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. एकनाथराव मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

"पुढं जाऊ द्या."

जालिंदरने पेला भरला आणि हात लांब करून कोणापुढे तरी धरला. समोरून माणूस आला. टोपी, पांढरा सदरा, हात मागे बांधलेले. एकनाथराव! ते सरळ पुढे निघून गेले. जालिंदरचा हात तसाच हवेत, आणि त्या दोघांभोवती वरून लाल बदामाची चौकट उतरली.

शिपाई फिसकन हसला. राजू घाईघाईने म्हणाला, "दोन मान्सं समोरासमोर आली की मी बदाम टाकतो. सवय हाय."

"मागं घ्या," एकनाथराव म्हणाले.

मी मागे घेतलं. पुन्हा पेला, पुन्हा बदाम.

"परत."

तिसऱ्यांदा मीच बंद केलं. एकनाथराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "वहिनी, आईशप्पत, मला कळलंच न्हाई. मला वाटलं त्यो दुसऱ्याला देतोय."

नक्कल मागणाऱ्या माणसाने आईची शपथ घेतलेली मी पहिल्यांदा ऐकली.

येताना ते हातगाडी मागून ढकलत होते.  सुलोचना नवऱ्याला सांगायला पुढे पळाली होती. गल्लीत शिरल्यावर ते आपल्या दारापाशी थांबले नाहीत. गाडी सोडली आणि जालिंदरच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. आतून जालिंदर आला. तो उंबऱ्याच्या आतच थांबला. 

"पानी दे," एकनाथराव म्हणाले.

जालिंदर आत पळाला आणि तांब्या घेऊन आला. एकनाथरावांनी तो वरून ओतत, सदरा भिजवत, शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि रिकामा तांब्या पुढे केला.

"अजून."

मी हातगाडीचा दांडा उचलला. टीव्ही भलताच जड होता, माझ्या घरापर्यंतचा चढ पुढे होता आणि मागून ढकलायला आता कोणी येणार नव्हतं.