आठ जणांच्या तारखा

अनोळखी माणसं सुट्टीत एका छताखाली अडकली की हमखास विनोद घडतो, हे चित्रपट व्यवसायातलं सर्वमान्य सत्य आहे. (अडकलेल्यांचं मत मागवलेलं नाही.) याच सत्यावर विसंबून आमच्या निर्मात्यांनी चित्रपट काढला. गोष्ट साधी. दरड कोसळते, रस्ता बंद होतो आणि डोंगरावरच्या विश्रामगृहात आठ जण अडकतात. आधी भांडतात, मग एका टेबलाभोवती बसून जेवतात. शेवटी प्रेक्षक हसता हसता रडतो, असं जाहिरातीत आधीच छापून झालं होतं.

माझ्याकडे कलाकारांच्या तारखांचं काम. आठांपैकी सात जण नामांकित, त्यामुळे कुणाही दोघांच्या तारखा जुळेनात. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. मी तोडगा काढला: प्रत्येकानं आपापल्या सोयीनं यावं आणि एकट्यानं अडकावं. समोरच्या माणसाच्या जागी काठी, काठीच्या टोकाला चेंडू. चेंडूच्या डोळ्यात डोळे घालून संवाद म्हणायचे, बाकीचं संगणक बघून घेतो.

पद्धत उत्तमच ठरली. नव्या नवरीनं हिवाळ्यात मारलेली थप्पड नवऱ्यानं उन्हाळ्यात खाल्ली, आणि दोघांची अजून ओळख नाही. इतका अस्सल अनोळखीपणा आजवर पडद्यावर आलेला नसेल. सेटवर भांडणं शून्य, रुसवेफुगवे शून्य, अपघात एक (जादूगार झालेले नट काठीला मिठी मारताना तोल जाऊन पडले).

डोकेदुखी होती ती मावशींची. आजीचं काम करणाऱ्या या ज्येष्ठ नटीला सगळं युनिट मावशी म्हणायचं. घरी एकट्याच, मुलगा परगावी, आणि कामात. आठ माणसं सुट्टीभर एका घरात, एवढं ऐकूनच त्यांनी होकार दिला होता. भूमिका काय, हेसुद्धा विचारलं नाही. येताना पत्त्यांचा कॅट घेऊन आल्या. रोज सकाळी मेकअप झाला की मला विचारायच्या, बाकीचे कधी येणार रे? मी म्हणायचो, काठ्या लावतोच आहे, मावशी. मग त्या एकट्याच डाव मांडून बसायच्या. एकदा तर त्यांनी समोरच्या चेंडूलाही पानं वाटली. निर्मिती विभागानं त्याला हरकत घेतली नाही.

चित्रपट तयार झाल्यावर कलाकारांना दाखवायची वेळ आली. तारखा पुन्हा जुळेनात. मी आठ जणांचे आठ खेळ लावले. मावशींच्या खेळाला रिकाम्या हॉलमध्ये त्या आणि मी. शेवटचा जेवणाचा प्रसंग सुरू झाला. एका टेबलाभोवती आठही जण खिदळत होते आणि मधोमध मावशी. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"शेवटी आलेच की रे सगळे," त्या म्हणाल्या. "मीच लवकर निघून आले वाटतं."

मी हात सोडवून घेतला नाही. (अंदाजपत्रकात याची तरतूद नव्हती.) मी म्हणालो, हो मावशी, तुम्ही गेलात आणि सगळे आलेच. बाहेर पडल्यावर मी पुढच्या चित्रपटाच्या तारखा लावायला बसलो.

चित्रपट पडला. आमच्या पाहणीनुसार शंभरातले चाळीस प्रेक्षक हसले, त्यातले बत्तीस हातातल्या फोनकडे बघून. समीक्षकांनी लिहिलं की पात्रं एकमेकांशी बोलतात असं वाटतच नाही. लोकांना काही म्हणजे काही कळत नाही.

आता तोच चित्रपट घरबसल्या फोनवर बघता येतो. सहकुटुंब पाहावा, अशी आमची शिफारस आहे; म्हणजे तुम्ही तुमच्या खोलीत, बायको तिच्या, मुलं त्यांच्या, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. आईलाही लिंक पाठवून द्या. ती आधी विचारेल, तू कधी येतोस, म्हणजे मिळून बघू. तिच्या तारखा काय, मोकळ्याच असतात.