तायडे सरांचे काढून पाहणे

दि. ७ डिसेंबर, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. खामगावच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षकांची सभा चालू होती. प्राचार्य येरझारा घालत बोलत होते आणि खोलीत काहीतरी सतत कुरकुरत होते. जीवशास्त्राचे तायडे सर उठले. त्यांनी पंखा बंद केला, दोन खुर्च्या बाहेर ठेवल्या आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, आता तुम्ही जरा बाहीर जा बरं."

प्राचार्य गेले. कुरकुर थांबली. ती त्यांच्या नव्या चपलांची होती.

"अंदाजपंचे बोलू नोका. काढून पाहा," हे सरांचे ब्रीद. ते त्यांनी डीएनएच्या धड्यातून उचलले होते. त्या रेणूची पिळदार शिडी मीही माझ्या जीवशास्त्राच्या वर्गात सफाईने काढते. सरांना त्या शिडीचे कौतुक बेताचेच. "शिडी सारेच काढतात वो मॅडम. पन आनुवंशिकता नेमकी कशात आहे, हे आंधी कसं समजलं, ते सांगा न पोरायले!"

ते स्वतः रंगून सांगत. न्यूमोनियाच्या मारक जंतूंना उष्णतेने मारले, त्यांचा अर्क निरुपद्रवी जंतूंना दिला, तर तेही मारक झाले. मग शास्त्रज्ञांनी त्या अर्कातला एकेक घटक नष्ट करून पाहिला. प्रथिने गेली, गुण राहिला. आरएनए गेला, तरी राहिला. डीएनए नष्ट केला, आणि गुण पुढे जाणे थांबले.

"मेलेल्यापासून जित्याले काही भेटते," सर खडू खाली ठेवत म्हणत, "हे जंतूनं सांगतलं."

सभेच्या दिवशीच दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. टेबलावर एक बरणी होती. "आमच्या अक्काचा काळा मसाला. शेवटचा." आईमागे सरांना वाढवणारी ही थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी गेली होती. मसाल्याचे जिन्नस सरांना पाठ होते; तिच्या हातची चव नेमकी कोणत्या जिनसात, ते ठाऊक नव्हते. म्हणून दर रविवारी एक जिन्नस वगळून मसाला कुटायचा, त्याचे पिठले करायचे आणि अक्काच्या मसाल्यातले दोन ग्रॅम घालून केलेल्या पिठल्याशी ताडून पाहायचे.

पद्धत निर्दोष होती. मसाला किती खर्चला हे कळावे म्हणून दर सोमवारी बरणीचे वजन घेण्याचे काम मी आनंदाने पत्करले. शिक्षकांच्या परिसंवादात या प्रयोगावर वाचायच्या निबंधाचे शीर्षकही मनात ठरवून टाकले.

पहिला सोमवार : "दगडफूल नोहे." दुसरा : "नागकेशर नोहे." तिसऱ्या सोमवारी मी वजनांची वही त्यांच्यासमोर सरकवली.

"सर, तिन्ही सोमवारी ८६.४० ग्रॅमच. बरणीतला मसाला कणभरही कमी झालेला नाही. आपण तुलना कशाशी केलीत?"

सरांनी बरणी तराजूवरून उचलून घेतली.

"झाकन उघडतो. वास घेतो. लावून देतो."

"अशाने प्रयोग बाद ठरतो, सर."

"ठरू द्या." त्यांनी बरणी रुमालात गुंडाळली. "सारं काढून पाह्यलं मॅडम. हे एक नाही काढत मी."

त्या सोमवारनंतर मी निबंधाचा विषय सोडला. वाटले, सरही आता येणार नाहीत. पुढच्या सोमवारी, ठरल्या वेळी, ते रुमालातली बरणी घेऊन दारात उभे होते. "पाहता का वजन?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले.

मी तराजू शून्यावर आणला आणि नोंद केली : ८६.४० ग्रॅम.