गिअरकाकांच्या गाडीचे आचके

या मायबापहो, जरा पुढे सरका. दाराशी उभ्या उभ्या ऐकून पळण्यासारखी ही गोष्ट नाही. हिच्यात एका इंजिनाचा आवाज आहे आणि त्याहून मोठा एका माणसाचा आहे. मांडी घाला, मोबाइल खिशात ठेवा, आणि एका भल्या माणसाच्या संतापाची हकीकत मन लावून ऐका.

माणूस म्हणजे आमचे गिअरकाका. उभा जन्म बस चालवण्यात गेला. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, तेव्हा "तुमचीच अक्षरं चुकीची छापलीयेत" असं काकांनी त्याला ठणकावून सांगितलं, आणि लायसन्स गेलं. राहिली ती एकच गाडी. खेळाच्या मैदानाची, बसून चालवायची, गवत कापायची. चार चाकं, एक सीट, एक स्टेअरिंग आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती. तिला लायसन्स लागत नाही. मैदानाच्या सेक्रेटरींनी ती काकांच्या हवाली केली होती, आणि ती रात्री काकांच्याच घरामागच्या शेडमध्ये झोपायची. काका तिच्यावर चढताना अजूनही मागे वळून बघत. सगळे प्रवासी आत आले की नाही, बहुतेक.

त्या दिवशी सकाळी सेक्रेटरी म्हणाले, "काका, उद्या मॅच आहे. संध्याकाळपर्यंत मैदान कापून हवं. हल्ली तुमचं मशीन फार कुरकुरतंय. आज नाही जमलं, तर मी ठेकेदाराला सांगतो. त्याचं मशीन, त्याचा माणूस. तुम्ही आपला आता आराम करा."

आराम! हा शब्द काकांच्या कानात शिसं ओतल्यासारखा गेला. बसायची शेवटची सीट, आणि तीही काढून घेणार? काका तडक गाडीवर चढले. गाडी निघाली, मैदानाच्या कडेने अर्धा फेरा छान गेली, आणि मग एकदम खोकायला लागली. भर्रर्र... फट... भर्र... फट. आचके देत देत कॉर्नरच्या झेंड्याशी येऊन मेली.

"पेट्रोल!" काका गरजले. "पाणी घालतात मेले!"

डबा घेऊन ते तरातरा पंपावर गेले आणि तिथल्या माणसाची अशी काही झाडाझडती घेतली, की रांगेतल्या स्कूटरवाल्यांनी आपापल्या टाक्या उघडून हुंगल्या. काकांनी जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, झाकण करकचून लावलं. गाडी झटक्यात सुरू झाली, मोरासारखी चालली, आणि पहिल्या गोलपोस्टशी पुन्हा खोकून मेली.

आता काकांचा एक जुना शिरस्ता सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. गाडी बंद पडली, कोणी काहीही दुरुस्त केलं, की सुरू करण्याआधी काका स्वतः टाकीचं झाकण उघडून, एक डोळा मिटून, आत वाकून बघत. काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "काटा कंपनीचा, डोळा आपला," म्हणत. (त्या डोळ्याविषयी डॉक्टरचं मत आपण ऐकलंच आहे.) झाकण उघडलं, की आतून 'सूंऽऽ' असा आवाज येई. काकांना वाटे, गाडी उसासा टाकतेय.

गोलपोस्टशी जावईबापू येऊन उभे होते. त्यांचं औषधांचं दुकान. दुपारी दुकान बंद करून सासुरवाडीला जेवायला आलेले.

"बाबा, लक्षणं बघितली तर ही प्लगची तक्रार वाटते."

"लक्षणं? हिला काय गोवर आलाय?"

पण जावईबापूंनी प्लग काढला, दात घासायच्या ब्रशने घासून लखलखीत केला, फुंकर मारली, बसवला. काकांनी झाकण उघडून बघितलं. सूंऽऽ. लावलं. गाडी सुरू! जावईबापूंनी पेशंट बरा झाल्यासारखे हात झटकले. त्यांचे हात खाली यायच्या आत नाही, पण पुढचा फेरा संपायच्या आत गाडी पुन्हा गतप्राण.

"ब्रश कोणाचा घेतला होता?" काकांनी विचारलं.

"तो... बेसिनवर होता तो. निळा."

"माझाय तो!"

मग आला गॅरेजवाला. त्याने कान लावून इंजिन ऐकलं आणि मान हलवली. "काका, कार्बोरेटर चोंदलाय. पेट्रोलची वाट बंद, म्हणून मिसिंग मारतंय." त्याने कार्बोरेटर उघडला, धुतला, पुसला, जोडला. काकांनी झाकण उघडलं. सूंऽऽ. गाडी अशी सुरू झाली, की गॅरेजवाल्याने तिथल्या तिथे छाती फुगवली. "आता वर्षभर बघायला नको!" तो मोटरसायकलवर बसून गेटपर्यंत पोचला असेल-नसेल, मागून आवाज आला. भर्र... फट.

तो परत आला. आता तिघेही चिडलेले.

"मी धुतलेला कार्बोरेटर चोंदूच शकत नाही!"

"मी घासलेला प्लग तर तुम्ही दाताला लावू शकता!"

"माझा ब्रश होता तो!" काका ओरडले. "आणि ही! ही कृतघ्न! नवं पेट्रोल पाजलं, अंघोळ घातली, दात घासले, आणि हिला अजून काय पालखी पाहिजे?"

एवढ्यात सेक्रेटरी आले. मैदानाकडे बघत उभे राहिले. न्हाव्याने अर्धी दाढी करून जेवायला जावं, तसं ते दिसत होतं. "काका, वाईट वाटून घेऊ नका," म्हणत त्यांनी फोन कानाला लावला. "हां, ठेकेदार? तुमचं मशीन टेम्पोत घाला."

झालं. काकांची कानशिलं तापली. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं. "भरलीये! गळ्यापर्यंत भरलीये, तरी रडतेय!" आणि ते झाकण हातात गरागरा फिरवून त्यांनी लांब उंच गवतात भिरकावून दिलं. "जा! कोणी झाकण लावू नका, कोणी काही करू नका! मीच बघतो!"

ते उघड्या टाकीनिशीच गाडीवर चढले. गाडी निघाली. एक फेरा. दुसरा फेरा. खोकला नाही, आचका नाही. काकांचं तोंड रागाने चालू आणि खाली इंजिन गाणं म्हणतंय. पेट्रोल डचमळू नये म्हणून काका वळणावर असे हळू वळत होते, जणू मागे बसमध्ये बाळंतीण बसली आहे. सेक्रेटरींच्या कानावरचा फोन तसाच राहिला.

"पात्याखाली यायच्या आत झाकण शोधा!" म्हणत जावईबापू गवतात शिरले. मिळालं. उलटंपालटं करून बघताना त्यांचे डोळे मोठे झाले. झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक, आणि त्यात काहीतरी पांढरं, घट्ट, गुळगुळीत भरलेलं.

"अरे देवा! सलाईनच्या बाटलीला हवेची सुई लावावी लागते, तसंच आहे हे! वरून हवा आत गेली नाही, तर खाली पेट्रोल उतरेल कसं? बाबा झाकण उघडायचे, हवा जायची, गाडी चालायची. लावलं की जीव गुदमरायचा!"

"म्हणजे माझा कार्बोरेटर निर्दोष!" गॅरेजवाला म्हणाला.

शेवटची पट्टी कापून काका खाली उतरले. झाकण हातात घेतलं. ती पांढरी लुगदी त्यांनी ओळखली. घरातला गळका नळ, मुंग्यांचं बीळ, खिडकीची फट, सगळीकडे तीच होती. आणि ती मळून लावणाऱ्या काकू चहाचा थर्मास घेऊन अगदी समोर उभ्या होत्या.

"कोणी केला हा गाढवपणा?" सेक्रेटरींनी विचारलं.

आयुष्यात ज्या माणसाने सिग्नल तोडल्याचंही कबूल केलं नव्हतं, तो माणूस खाकरला. "मी," काका म्हणाले. "मीच बुजवलं."

"तुम्ही?" काकू फणकारल्या. थर्मास खाली आपटला. "तुमच्या हाताने लागलं असतं इतकं गुळगुळीत? भिंतीत खिळा मारायचा तर प्लास्टर पाडता! मी लावलंय ते. शेडमधून पेट्रोलचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो. बघते तर झाकणालाच भोक! एवढी मोठी कंपनी, आणि झाकण धड बनवता येत नाही? मी होते म्हणून लक्षात तरी आलं!"

सेक्रेटरींना हसू आवरेना. टेम्पोवाल्याला फोन करून त्यांनी परत पाठवलं. मग चेहरा गंभीर करून म्हणाले, "काका, गाडी तुमचीच. पण एक अट. काकूंनी यापुढे मशीनच्या जवळपास यायचं नाही."

मायबापहो, ज्या सीटसाठी हा माणूस दिवसभर साऱ्या जगाशी भांडला, तिच्यावर हात ठेवून तो ताठ उभा राहिला.

"मग तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ! तुमच्या ठेकेदाराला बसवा वर! ती नाही, तर मीही नाही. अट घालणारे तुम्ही कोण हो?"

सेक्रेटरी चाचरले, "तसं नव्हे काका, मी आपलं सहज... राहू द्या. कोणालाच अट नाही."

काकूंनी काकांकडे एकदा बघितलं. मग केसातली पिन काढली, आणि झाकणाचं भोक टोकरायला बसल्या. "पावसाचं पाणी टाकीत गेलं, तर मला बोलायचं नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीपेक्षा खाली होता. काकांनी कधी नव्हे तो थर्मासमधला पहिला चहा त्यांच्यासाठी ओतला. थोडा सांडलाच.

तर आता उठायला हरकत नाही. फक्त एवढं करा. कुठेतरी कोण्या कारागिराने ते झाकण घडवताना थांबून, विचार करून, त्यात टाचणीएवढी वाट ठेवली. ना त्याचं गाव माहीत, ना नाव. त्याच्या वाट्याला आला तो काकूंचा राग. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्याचीही आठवण काढा.