खिडकीतल्या म्हस्केबाई

आमच्या कॉलेजच्या फीच्या खिडकीत म्हस्केबाई होत्या, तोवर परदेशी विद्यार्थ्याचा फॉर्म सरळ आत जात नसे. आधी त्या त्याला नखशिखांत न्याहाळत आणि मग विचारत, "तुमच्या देशात कॉलेजचा खर्च कोण करतं? बाप, सरकार, का तू स्वतः?" हा प्रश्न त्या हिंदीत विचारायच्या. म्हणजे मराठीतच, पण मोठ्या आवाजात. येमेनचा मुलगा असो की टांझानियाची मुलगी, उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. मागे रांग फाटकापर्यंत गेली तरी बाईंना त्याचं काही नसायचं.

उत्तर मिळालं की त्या देशाचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. एका इराणी मुलानं सांगितलं, की परीक्षेत वरचा नंबर आला तर फुकट, नाहीतर पैसे मोजायचे. "म्हणजे इकडच्यासारखंच. देश बरा आहे, नवीन काही नाही." एक नेपाळी मुलगा म्हणाला, वडील पैसे पाठवतात, ते कतारमध्ये गवंडीकाम करतात. "मग तुझी फी कतार भरतो, नेपाळ नाही. विचारलं की नीट सांगत जा."

मी शेजारच्या टेबलावर बसायचो. माझं आडनाव देव. कॉम्प्युटर अडकला आणि तो मला सुरू करता आला नाही, की बाई म्हणायच्या, "नावाचेच." एवढंच. पुढचं वाक्य त्या कधी बोलल्या नाहीत, त्याची गरजही नव्हती.

माझा भाचा शिकायला जर्मनीला गेला, तेव्हा मी त्यांना सांगितलं, की तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नसतेच. सहामाहीला थोडी वर्गणी भरायची, त्यातच बसचा पास मिळतो. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"फुकट? आणि मास्तर वर्गात येतात?"

"येतात."

"पास देतात म्हणता. बस येते?"

"तीही येते."

"मग त्या लोकांना दुःख तरी काय आहे?"

मी म्हणालो, राहण्याखाण्याचा खर्च असतोच. वर्षभराचे पैसे आधी बँकेत दाखवावे लागतात, आणि भाचा शनिवार-रविवार एका हॉटेलात भांडी घासतो.

"इथं घरी घासायचा का?"

"नाही."

"मग शिक्षण चालू आहे म्हणायचं," असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

मुलं त्यांना घाबरायची. हिरव्या शाईनं फॉर्म भरणाऱ्या एकाला त्यांनी परत पाठवलं होतं. "हिरवी शाई प्राचार्यांची. झालात का?" विश्रांतवाडीच्या पुढचं, आता शहराच्या पोटात गेलेलं एक गाव हे त्यांचं माहेर. पण ऑफिसात त्यांची भाषा इतकी स्वच्छ असायची, की सदाशिव पेठेतले पालकही त्यांच्याशी जपून बोलत. माहेरची बोली फक्त राग आला की बाहेर पडे.

इनास सुदानची. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म घेऊन ती खिडकीशी आली, तेव्हा नेहमीच्या प्रश्नावर म्हणाली, "वडील भरतात. शाळेत शिकवतात, आणि संध्याकाळी काकांच्या दुकानात बसतात. दुकानाचे पैसे ते माझे."

बाईंनी निकाल न देता फॉर्म घेतला.

नंतर एकदा दुपारच्या सुट्टीत बाई मागच्या पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. इनास जाता जाता थांबली आणि भाकरीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही आमच्याकडेही असते. ज्वारीचीच. पण पातळ, आंबवलेली." बाईंनी अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. ती खाऊन गेल्यावर मला म्हणाल्या, "ज्वारी खाणारा देश आहे, देव. काळजीचं कारण नाही."

बाईंनी देशांबद्दल दिलेल्या निकालांपैकी इतका वाईट चुकलेला दुसरा नाही. इनासच्या तिसऱ्या वर्षात तिकडे तिच्या शहरातच लढाई सुरू झाली. बँका बंद पडल्या. काकांचं दुकान जळालं. आई धाकट्या भावंडांना घेऊन सरहद्दीपलीकडे कैरोला गेली आणि वडील घर सांभाळायला मागे राहिले. काही दिवस त्यांचा फोन लागायचा, मग तोही लागेना.

शेवटच्या सहामाहीची फी राहिली. परदेशी विद्यार्थ्यांची फी इथल्या मुलांच्या कित्येक पट असते. ती पूर्ण भरल्याशिवाय बोनाफाईड मिळत नाही, बोनाफाईडशिवाय व्हिसा वाढत नाही, आणि परीक्षेलाही बसता येत नाही. ही सगळी साखळी खिडकीशेजारच्या एका नोटिशीत होती, आणि ती नोटीस म्हस्केबाईंनीच लिहिली होती. अनेक वर्षांपूर्वी एक मुलगा फी न भरता निघून गेला, तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी त्यांना मसुदा करायला सांगितला. शेवटी बाईंनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती: कोणत्याही कारणास्तव सवलत दिली जाणार नाही. प्राचार्यांनी त्या ओळीबद्दल त्यांचं कौतुक केलं होतं, आणि ते कौतुक बाई कधी विसरल्या नव्हत्या.

बाई नव्या प्राचार्यांकडे गेल्या. फाईल धरायला मी बरोबर होतो.

"सर, 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द माझे आहेत. मी ते मागे घेते."

प्राचार्य हसले. माणूस वाईट नव्हता. "म्हस्केबाई, ते आता संस्थेचे झाले."

"तेव्हा लढाई हे कारण माझ्या डोक्यात नव्हतं."

"एकीला सवलत दिली, की उद्या सगळे येतील."

"सगळ्यांच्या गावात लढाई नाहीये, सर."

प्राचार्यांनी इनासचा अर्ज समितीपुढे ठेवायचं कबूल केलं. समितीची बैठक होती परीक्षेचे फॉर्म बंद झाल्यानंतर. बाहेर आल्यावर बाई जिन्यात थांबल्या. "मी इतकं चांगलं का लिहिलं हो ते?" त्यांनी विचारलं.

स्टाफरूममध्ये आम्ही वर्गणी काढली. जमलं ते फीच्या जवळपासही पोचेना. बाईंनी आपलं थोडं होतं ते घातलं आणि माहेरी गेल्या. भावांनी जमीन बिल्डरला दिलेली, दोघांचे दोन बंगले. थोरला भाऊ म्हणाला, "आक्का, आपल्या गावात गरिबाच्या पोरी काय कमी हायेत? आधी त्यांचं बघू की."

"बघ की मग! कवा बघतोस, ते तरी सांग!" बाई ओरडल्या.

त्यावर भावानं चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी हे सांगताना त्यांचा आवाज पुन्हा ऑफिसातला झाला होता. "बारावीनंतर मला घरी बसवलं, तेव्हा वडीलही असंच म्हणाले होते. आधी पोरांचं बघू. ती पोरं म्हणजे हीच दोघं." मग त्यांनी रांगेतल्या पहिल्या मुलाचा फॉर्म ओढून घेतला. त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही.

शेवटच्या तारखेला इनास आली. हातात फॉर्म नव्हता.

"बाई, आईनं कैरोचं तिकीट पाठवलं. मावशीकडून उसने घेऊन. परवा जाते."

"एक सहामाही राहिली गं," बाई म्हणाल्या. "एकच."

"हो."

"पाच झाल्या की तुझ्या."

"हो, बाई."

इनासनं काचेखालच्या फटीतून हात आत घातला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. मागचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, लवकर करा ना." बाईंनी हात सोडला आणि सव्वाअकरा वाजता खिडकीचं शटर खाली ओढलं. इतक्या वर्षांत वेळेआधी ते कधी पडलं नव्हतं. बाहेर मुलं शटर वाजवत राहिली.

"देव," त्या म्हणाल्या, "तुमच्याच्यानं काही झालं नाही."

"नाही झालं, बाई."

"माझ्याच्यानंही नाही."

दोन महिन्यांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खिडकी माझ्याकडे आली. समितीनं इनासचा अर्ज 'उमेदवार उपलब्ध नसल्याने' निकाली काढला. तो शेरा मीच टाइप केला.

त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवर सह्या घ्यायला मी एका शुक्रवारी दुपारी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढून त्यांचे कान गेले आहेत, त्यामुळे ते सगळं गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात.

"वर हाय ती! इनासच्या खोलीत!"

"इनासची खोली?" मी विचारलं. मग जवळ जाऊन, ओरडून पुन्हा विचारलं.

"पाच महिने इथंच होती की पोरगी! भाडं द्यायला जमंना म्हणून हिनं आणली. ऑफिसात सांगू नका म्हणाली. नियम लिवणारी मीच, लोक हसतील म्हणाली!"

वरची खोली लहान होती. एक खाट, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल, टेबलावर रसायनशास्त्राची पुस्तकं रचून ठेवलेली. बाई खाटेवर बसल्या होत्या, फोन तोंडाजवळ धरून. मला हातानंच थांबायची खूण केली.

"इनास, इकडं समदं बरं हाय," त्या सांगत होत्या. माहेरच्या बोलीत, आणि आवाजात राग अजिबात नव्हता. "काकांना कानाचं नवं मशीन आणलंय, घालत न्हाईत. आज मेथी केलती. तुझी पुस्तकं हायेत तशी हायेत, कुणाला दिली न्हाईत. तू खाते का नीट? वडलांचं काय कळलं का? बरं. ठेवते."

त्यांनी बोललेला मेसेज पाठवला आणि फोन माझ्यापुढे धरला. दर शुक्रवारचा एक, असे एकाखाली एक नऊ मेसेज होते. प्रत्येकाखाली एकच खूण.

"दोन खुणा झाल्या की पोचला म्हणायचं ना, देव?"

"हो, बाई."

"शिलाईच्या दुकानात काम लागलं म्हणाली होती. तिथं फोन जवळ ठेवू देत नसतील."

"नसतील देत," मी म्हणालो.

बाईंनी कागद घेतले, मी दाखवलं तिथं तिथं सह्या केल्या. मग "बसा, चहा टाकते," म्हणाल्या, आणि फोन मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.